बेळगावहून इमॅजिका: तीन पिढ्यांचा एक दिवस कसा सार्थकी लावावा?

तिसरे गेट (टिळकवाडी)

सर्वांना नमस्कार. मुलांना दसऱ्याची सुट्टी लागली की या वर्षी खोपोलीजवळचे इमॅजिका हे मनोरंजन उद्यान दाखवून आणावे, असे आमच्या घरात ठरत आले आहे. त्यासाठी इथल्या अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. आम्ही सहाजण आहोत: मी, यजमान, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, सोळा वर्षांचा पुतण्या, बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. पुतण्याला तिथल्या नायट्रो या उलट्या फेऱ्या घेणाऱ्या पाळण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. धाकट्याला डायनासोर पाहायचे आहेत. सासूबाई मात्र म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

त्यांचे गुडघे दुखतात हे खरे आहे. परंतु गेल्या दोन सहलींना त्या अशाच मागे राहिल्या आणि आम्ही परतल्यावर आठ-आठ दिवस नातवंडांकडून सगळे खोदून खोदून विचारत बसल्या. त्यांना यायचे असते, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल एवढीच धास्ती असते. या वेळी त्यांना घरी ठेवून जायचे नाही, हे मी मनाशी पक्के केले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. बेळगाव ते खोपोली अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडते, तर स्वतःची गाडी, बस की रेल्वे? एका दिवसात मुख्य उद्यान आणि शेजारचे जलउद्यान दोन्ही होतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, नातवंडे पाळण्यांत बसलेली असताना आज्जींनी दिवसभर बाकावर पिशव्या राखत बसायचे का, की त्यांच्याही जोगते तिथे काही आहे?

वेदगंगाकाठ (निपाणी)

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी गाडीने जाऊन आलो, त्यामुळे रस्त्यापुरते मी सांगू शकतो. बेळगाव ते कोल्हापूर अंतर दोन तासांत उरकते, पण तिथून पुढच्या वेळेचा नेम धरू नका. कागल ते साताऱ्यादरम्यान सहापदरीकरणाचे काम कित्येक वर्षे चालले असून जागोजागी गाड्या सेवा रस्त्यावर उतरवतात. त्यानंतर खंबाटकी घाट आणि पुण्याच्या तोंडाशी नवले पुलाची कोंडी. नकाशावर सात-साडेसात तास दिसतात, प्रत्यक्षात आम्हाला साडेनऊ लागले होते.

म्हणून कळकळीची विनंती आहे की पहाटे तीनला निघून, थेट उद्यानाच्या दारात उतरून, त्याच दिवशी ते पाहण्याचा हट्ट धरू नका. आम्ही तो धरला होता. दुपारी एकला आत शिरलो तेव्हा मुले पेंगुळलेली होती, गाडी चालवून माझी पाठ धरली होती आणि तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण दिवसाचे गेले होते. आदल्या दिवशी निघावे, मुक्काम लोणावळ्यात किंवा खोपोलीत करावा आणि सकाळी ताजेतवाने होऊन जावे. लोणावळ्यात राहिल्यास सकाळी घाट उतरावा लागतो आणि शनिवार-रविवारी तिथल्या मुक्कामाचे दर चढलेले असतात. खोपोलीत साधी, स्वच्छ लॉज मिळतात. तिथून उद्यान पालीच्या रस्त्यावर अगदी जवळ आहे.

रेल्वेनेच जायचे असेल तर हुबळी–पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस बेळगाववरून जाते. सकाळी सातच्या सुमारास बसले की दुपारी दीडपर्यंत पुणे येते आणि पुण्याहून लोणावळ्याला लोकल आहेत. सामान थोडे असेल आणि घाईही नसेल तर आज्जींच्या गुडघ्यांना रेल्वेच सोसेल. एक खबरदारी सांगून ठेवतो. खोपोलीला रेल्वे स्थानक आहे, पण ते मुंबईच्या बाजूने कर्जतवरून येणाऱ्या फाट्यावर. पुण्याकडून येणारी गाडी तिथे जात नाही, त्यामुळे लोणावळ्याला उतरून पुढे रस्त्यानेच खाली यावे लागते.

चिकोडीची लेक (सध्या पिंपरी-चिंचवड)

लग्नानंतर मी इकडे आले आणि माहेरचे कोणी आले की त्यांना इमॅजिका दाखवण्याचे काम आपसूक माझ्याकडे येते. आजवर पाच वेळा जाऊन झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी दिवस कोणता निवडावा ते सांगते, कारण निम्मी सहल तिथेच जिंकली किंवा हरली जाते. आपल्या सीमाभागातल्या लोकांच्या हातात एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या लोकांकडे नाही. आपल्या मुलांच्या शाळांचे वर्ष कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालते. तिकडे सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला लागते, तर महाराष्ट्रात २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या होत्या. याचा अर्थ असा की दसऱ्यानंतर तुमच्याकडच्या शाळा उघडेपर्यंतचे चार-पाच दिवस आणि एप्रिलच्या मध्यावरचा आठवडा, या दोन्ही वेळी तुमची मुले मोकळी असतात आणि उद्यानाला सर्वांत जास्त गर्दी पुरवणारी मुले शाळेत असतात. त्यातही मंगळवार ते गुरुवार धरा. मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत भावाला घेऊन गेले होते आणि एकदा दसऱ्यानंतरच्या बुधवारी बहिणीला. भावाच्या वेळी दिवसभरात सहा खेळ झाले आणि बहिणीच्या वेळी चौदा. तिकीट दोघांचेही एकच होते.

नवरात्रात घरी घट बसत असतील तर आज्जी बाहेर पडणार नाहीत, हे मी जाणून आहे. म्हणून दसरा उरकू द्या, सोने वाटून झाले की निघा.

आता उद्यानाबद्दल. मुख्य उद्यान २०१३ साली सुरू झाले, जलउद्यान २०१४ साली आणि बर्फाचे दालन २०१६ साली. मनमोहन शेट्टी यांनी ते उभे केले, आणि २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिन्हींची तिकिटे वेगवेगळी असतात. एका दिवसात मुख्य उद्यान आणि जलउद्यान दोन्ही उरकू नका. ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी धावपळ करताना एकाचाही जीव रमत नाही. लहान मुले आणि वडीलधारी सोबत असतील तर एक दिवस संपूर्ण मुख्य उद्यानालाच द्या.

आत शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्याच चौकात छायाचित्रे काढत अर्धा तास घालवतात. तुम्ही तसे करू नका. प्रकाशचित्रांना संध्याकाळचा उजेडच बरा असतो. ज्यांना नायट्रोत बसायचे आहे त्यांनी दार उघडताच सरळ तिकडे चालत सुटावे, कारण दहा-अकरा वाजता पंधरा मिनिटांची असलेली रांग जेवणानंतर तासावर जाते. त्या वेळात उरलेल्यांनी लहानांचे पाळणे उरकावेत. दुपारी बारा ते तीन या वेळात खोपोलीचे ऊन आणि दमट हवा आपल्या बेळगावच्या माणसाला मानवत नाही, म्हणून ती वेळ छताखालच्या, वातानुकूलित खेळांसाठी राखून ठेवा. 'मिस्टर इंडिया' या १९८७ सालच्या चित्रपटावर बेतलेला हलत्या खुर्च्यांचा खेळ, अलिबाबाच्या गुहेतला नेमबाजीचा खेळ आणि 'आय फॉर इंडिया' हे त्यात येतात. पाण्याचे खेळ तीननंतर घ्या, म्हणजे कपडे वाळेपर्यंत सूर्य असतो. संध्याकाळी मिरवणूक निघते, तेव्हा सगळ्यांनी एकत्र असावे.

रांगेत पुढे घेणारे जादा पैशांचे तिकीट मिळते. आडवारी त्याची काही गरज पडत नाही. ते पैसे जेवणाला ठेवा.

आणि आज्जींसाठी 'आय फॉर इंडिया' चुकवू नका. यात खुर्चीत बसवून, पट्टा लावून पाय अधांतरी करतात आणि भल्यामोठ्या पडद्यासमोर आपण देशावरून उडत चाललो आहोत असे भासते. झटके बसत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी हा खेळ दोनदा केला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शहापूरकरीण (शहापूर, बेळगाव)

वरच्या सल्ल्यांबद्दल आदर राखून दुसरी बाजू मांडते. बेळगावच्या माणसाने बेंगळूरचे वंडरला का विचारात घेऊ नये? अंतर पाचशे किलोमीटर आहे, म्हणजे थोडे जास्तच, पण बेळगावहून रात्रीची थेट रेल्वे आहे. रात्री झोपायचे, सकाळी बेंगळुरात उतरायचे. पुढे म्हैसूर रस्त्यावर बिडदीला जायचे, अंतर अठ्ठावीस किलोमीटर. घाट नाही, कोंडीत गाडी चालवणे नाही.

वंडरला २००५ साली सुरू झाले. व्ही-गार्डचे कोचौसेफ चित्तिलापिल्ली यांनी आधी २००० साली कोचीला उद्यान काढले होते आणि त्यानंतर हे बेंगळूरचे. ब्याऐंशी एकरांचा पसारा असून कोरडे आणि पाण्याचे खेळ एकाच तिकिटात होतात, ही माझ्या मते मध्यमवर्गीय कुटुंबासाठी फार मोठी गोष्ट आहे. मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते: पंच्याऐंशी सेंटीमीटरच्या आतल्या बाळाला तिकीट नाही आणि तिथून एकशे चाळीसपर्यंत मुलाचे तिकीट. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. पाणी गार लागेल या भीतीने मी मुलांना शाली घेऊन गेले होते, पण कृत्रिम पावसाखालचे पाणी कोमट होते आणि मुले तासभर तिथून हलायला तयार नव्हती. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते बेळगावातूनच घेऊन जा.

चिकोडीची लेक

शहापूरकरीण ताई, आपला मुद्दा पटतो, आणि केवळ मुलांना घेऊन जायचे असते तर मीही वंडरलाच सुचवले असते. इथे मात्र ताईंना आज्जींसाठी काय आहे ते विचारायचे आहे. वंडरलाची खरी मजा पाण्यात आहे आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईला ओल्या फरशीवरून चालवण्याचे धाडस मी करणार नाही. इमॅजिकामध्ये बसून पाहण्यासारखे अधिक आहे. दुसरे म्हणजे खोपोलीच्या जवळच महडचा वरदविनायक आहे आणि उद्यानावरून जाणाराच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. अष्टविनायकांतील दोन गणपती त्याच भागात असताना आज्जी "मी येत नाही" म्हणणार नाहीत, हे मी आपल्या भागातल्या आज्ज्यांना ओळखून सांगते. चतुर्थी मात्र टाळा.

खानापूरचे मास्तर (खानापूर)

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे आणि दोन वेळा मुलांची सहल तिकडे नेली आहे. वर चर्चा झालेली नाही अशी एक गोष्ट सांगतो: उंची.

प्रत्येक मोठ्या खेळाच्या दाराशी उंचीची खूण असते आणि मूल त्या खुणेच्या खाली असेल तर तिथला माणूस कितीही विनवण्या केल्या तरी सोडत नाही. त्याने सोडूही नये. खांद्यावरून येणारा अडसर ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो आणि लहान अंगाचे मूल त्यातून निसटू शकते. नायट्रोचा वेग ताशी एकशे पाच किलोमीटर आहे, उंची सुमारे चाळीस मीटर, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी, आणि बसणारा पाच वेळा उलटा होतो. पायाखाली फळीसुद्धा नसते. अशा ठिकाणी दोन बोटांच्या फरकालाही अर्थ असतो. पहिल्या सहलीत आमच्या सहावीच्या एका मुलीने महिनाभर नायट्रोचे स्वप्न पाहिले आणि खुणेपाशी ती दोन बोटे कमी भरली. ती रडली नाही, एका बाजूला उभी राहून मैत्रिणींच्या चपला सांभाळत राहिली. तो तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोष माझा होता, कारण मी घरून निघण्यापूर्वी कोणाची उंची मोजली नव्हती आणि कोणाला काय मिळणार नाही ते आधी सांगितले नव्हते. ताई, आजच मुलांना भिंतीशी उभे करून मोजा, उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाची अट पाहा आणि कोण कशात बसू शकेल ते मुलांना घरीच सांगा. घरी कळलेली निराशा रात्रीपुरती असते.

दुसरी गोष्ट आपल्या धाकट्यासाठी. तिथल्या नदीच्या खेळात ज्या राजासॉरसचे नाव आहे, तो काल्पनिक प्राणी नाही. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावी त्याची हाडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे नामकरण केले. नर्मदेच्या खोऱ्यातला म्हणून नर्मदेन्सिस. आपल्याच देशात वावरलेला हा मांसाहारी डायनासोर आहे, एवढे निघण्यापूर्वी मुलाला सांगा. वर्गातली मुले हे ऐकून गेली होती, तेव्हा होडीतून उतरल्यावर त्यांचे प्रश्न थांबेनात.

आडवारी गर्दी नसते हे सर्व महिन्यांना लागू नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत महाराष्ट्रातील शाळांच्या सहली आडवारीच येतात आणि वाहनतळ बसगाड्यांनी भरून जातो.

गोंधळी गल्ली (बेळगाव)

रात्रीच्या खासगी बसने जाणाऱ्यांसाठी एक इशारा. मुंबईला जाणाऱ्या गाड्या द्रुतगती मार्गाने जातात आणि तिकीट काढताना "खोपोलीला सोडू" असे सांगतात. आम्हाला पहाटे पावणेपाचला, अंधारात, मार्गाच्या कडेला उतरवले आणि गाडी निघून गेली. द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास मनाई आहे, शेजारून ट्रक सुसाट जात होते आणि माझ्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. पुढच्या वळणावर खाली उतरणारी पायवाट दिसेपर्यंतची ती वीस मिनिटे मी विसरलेलो नाही. बसने जायचेच असेल तर कुठे उतरवणार ते तिकीट काढतानाच लेखी घ्या, आणि लोणावळा गावात थांबणारीच बस निवडा.

तिसरे गेट

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांचा प्रतिसाद वाचून लगेच मुलांना भिंतीशी उभे केले. यजमानांनी सात आसनी गाडी भाड्याने ठरवली आहे, चालकासह. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी निघून खोपोलीत मुक्काम, मंगळवारी उद्यान, बुधवारी महडचे दर्शन घेऊन परत. सासूबाईंना मी आधी वरदविनायकाचे सांगितले आणि मग उद्यानाचे. त्यांनी लगेच कपाटातून मऊ सुती लुगडे काढून ठेवले.

तिसरे गेट

आम्ही जाऊन आलो. इथल्या सल्ल्यांचा इतका उपयोग झाला की सविस्तर लिहिणे हे मी कर्तव्य समजते.

सोमवारी सकाळी सहाला निघालो. कराडच्या अलीकडे तासभर अडकलो, संध्याकाळी साडेचारला खोपोलीत पोहोचलो. त्या दिवशी काहीच पाहायचे नव्हते, त्यामुळे उशिराचा कोणालाही त्रास वाटला नाही. मंगळवारी सकाळी लॉजवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही असा भरपेट नाश्ता करूनच बाहेर पडलो, कारण बाहेरचे खाणे आत नेता येत नाही हे माहीत होते. सासूबाईंच्या गोळ्या आणि त्यांचे डॉक्टरांचे पत्र वेगळ्या पिशवीत ठेवले होते, त्याला कोणी हरकत घेतली नाही.

दार उघडण्यापूर्वी वीस मिनिटे आम्ही रांगेत होतो. आत शिरताच यजमान, पुतण्या आणि मुलगी नायट्रोकडे गेले. उंची मोजूनच आणली होती, तरी मुलीचे खुणेशी उभे राहणे मी दुरून श्वास रोखून पाहिले. तिला सोडले. दुसऱ्या फेरीलाही रांग लागली नाही. तिसऱ्यांदा पुतण्या एकटाच गेला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. तोवर आम्ही तिघे फिरत्या घोड्यांवर होतो. घोड्यांच्या मध्ये बसायला रथ असतो, तिथे सासूबाई बसल्या आणि समोरच्या घोड्यावर नातू. प्रवेशाजवळ चाकांची खुर्ची मिळाली होती. पहिला तास त्या तिच्यात बसायला संकोचत होत्या. "लोक काय म्हणतील, मी काय आजारी आहे का?" असे त्यांचे चालले होते. मग धाकट्याने स्वतः बसून दाखवले, आज्जींना ती ढकलू दिली, आणि त्यानंतर कोणाला काही सांगावे लागले नाही. दिवसभराचे चालणे त्या खुर्चीमुळे निभावले. माझे स्पष्ट मत आहे की पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकासाठी ती आधीच घेऊन ठेवावी, पाय दुखू लागण्याची वाट पाहू नये.

'आय फॉर इंडिया'च्या रांगेत मी सासूबाईंना तीनदा विचारले की नको असेल तर राहू द्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि लगेच परत मागून घेतला. खुर्चीत बसल्यावर पट्टा लावणाऱ्या मुलीने त्यांना मराठीतून विचारले, "आजी, घट्ट होतोय का?" आणि त्या "नाही बाळ, अजून थोडा ओढ" म्हणाल्या. दिवे गेले, पाय वर उचलले गेले, आणि त्यांनी माझे मनगट असे धरले की बांगड्यांचे वळ उठले. मग हळूहळू बोटे सैल झाली. पडद्यावर खाली देश सरकत होता, वारा तोंडावर येत होता आणि अंधारात त्या पुटपुटत होत्या, "अगंबाई, केवढं हे." त्यांचे वडील बैलगाडीने पंढरपूरला जायचे, आणि त्या स्वतः विमानात कधी बसलेल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "परत रांगेत उभं राहता येतं का?" आम्ही दोनदा गेलो.

धाकट्यासाठी राजासॉरसच्या होडीचा खेळ तीननंतरच घेतला. मास्तरांनी सांगितलेली माहिती त्याला आदल्या रात्री दिली होती. होडी झाडीतून जाऊ लागली तेव्हा तो शेजारच्या अनोळखी काकांना सांगत होता की याची हाडे गुजरातेत सापडली आहेत. शेवटच्या उतारावर सगळे चिंब झालो. इथे माझे एक चुकले ते लिहून ठेवते: कोरडे कपडे गाडीत राहिले आणि गाडी वाहनतळावर. मुलगा अर्धा तास कुडकुडला. बदलण्याचे कपडे लॉकरमध्ये ठेवा. आणि भ्रमणध्वनीसाठी प्लॅस्टिकची पिशवी घरूनच न्या.

एका खेळाने मात्र फसगत झाली. सलीमगढ नावाच्या भुताच्या किल्ल्यात मी धाकट्याला नेले. तो मध्येच घाबरून रडू लागला आणि रात्री दोनदा दचकून उठला. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे नेऊ नये असे मला वाटते. चूक माझीच, बाहेरचा फलक मी नीट वाचला नव्हता.

संध्याकाळी मिरवणुकीच्या वेळी सगळे एकत्र जमलो. मोजले तर पुतण्याचे तेरा खेळ झाले होते, मुलीचे अकरा, धाकट्याचे नऊ आणि सासूबाईंचे पाच. पाच! बाकावर पिशव्या राखत बसायचे का, असे मी वर विचारले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला महडला पोहोचलो. गर्दी नव्हती, दर्शन शांतपणे झाले. पाली मात्र राहिली, कारण परतीचा रस्ता लांबचा होता.

वेदगंगाकाठ

ताई, वाचून फार समाधान वाटले. एक विचारतो: चालक घेतल्यामुळे खर्च किती वाढला? मला पुढच्या वेळी तेच करावेसे वाटते.

तिसरे गेट

दादा, चालकाचा रोजचा भत्ता आणि दोन रात्रींची झोपण्याची सोय एवढाच जादा खर्च आला. यजमान परतताना मागच्या आसनावर धाकट्याला मांडीवर घेऊन कोल्हापूरपर्यंत गाढ झोपले होते. दिवसभर उन्हात उभे राहिलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी चारशे किलोमीटर गाडी हाकणे मला तरी धोक्याचे वाटते. इतर खर्च कमी करा, पण चालक घ्याच.

शहापूरकरीण

इतके वाचूनही माझा वंडरलाचा आग्रह कायम आहे, पण तो मुलांपुरता. माझ्या सासऱ्यांसाठी आपला मार्ग धरेन. एप्रिलच्या मध्यावर जायचे म्हणते.

चिकोडीची लेक

ताई, एप्रिलात दुपार फार कडक असते. बारा ते चार छताखालीच राहा, आणि सासऱ्यांना टोपीऐवजी आपला नेहमीचा पांढरा पंचा डोक्याला बांधू द्या, तो ओला करता येतो. ज्यांची मुले केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आहेत त्यांनी सुट्टीच्या तारखा स्वतंत्रपणे पाहाव्यात, त्या राज्याच्या शाळांशी जुळत नाहीत.

शेतातले घर (चंदगड सीमेलगत)

ज्यांना इतक्या लांब जाणे जमत नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझी मुले चार आणि पाच वर्षांची आहेत आणि त्या वयात मोठ्या पाळण्यांचा उपयोग नाही. आम्ही कोल्हापूरजवळ कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय पाहिले. बारा बलुतेदार, मोट, तेलघाणा अशी माणसाएवढी शिल्पे असून आमच्या वडिलांनी मुलांना प्रत्येक ठिकाणी थांबवून गोष्ट सांगितली. हुबळीच्या बाजूला जायचे असेल तर शिग्गावजवळ गोटगोडीचे उत्सव रॉक गार्डन आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते.

खानापूरचे मास्तर

आमच्या शाळेची सहल जानेवारीत ठरत होती. हा धागा मुख्याध्यापकांना वाचायला दिला आणि ती एप्रिलच्या बाराव्या दिवसानंतर, सुट्टीत, पालकांसह नेण्याचे ठरले. परराज्यात जायचे असल्याने बसच्या परवान्याचा अर्ज आतापासूनच करणार आहोत. प्रत्येक मुलाबरोबर एक आज्जी किंवा आजोबा यावेत असे सुचवले आहे, तेवीस नावे आली आहेत.

आज मधल्या सुट्टीत वर्गाच्या भिंतीवर खडूने रेघा मारून सगळ्यांची उंची मोजली. चार मुले कमी भरली. त्यांना त्या वेळी काय करायचे ते त्यांनीच ठरवायला सांगितले आहे. त्यांतल्या एकीने विचारले, "गुरुजी, एप्रिलपर्यंत वाढले तर?" रेघेशेजारी तिचे नाव आणि आजची तारीख लिहून ठेवली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजणार आहोत.